फार स्वच्छ झालेलं तळं

२४ फेब्रुवारी
थंडी ओसरत चालली. सकाळी परसातल्या तळ्यावर धुक्याची पातळ साय धरायची, ती या आठवड्यात दिसली नाही. तळं म्हणायचं आपलं. जेवणाची दोन टेबलं जोडली तर होईल एवढा सिमेंटचा हौद आहे, सासऱ्यांनी स्वतः खणून बांधलेला. ते गेल्यापासून तो आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. तळाशी वाळक्या पानांचा थर, भिंतींवर बोटभर शेवाळ, आणि त्या हिरव्या काढ्यात थोडे गोल्डफिश आणि मास्तर.

मास्तर म्हणजे कोई जातीचा लाल-पांढरा मासा. हातभर लांब, डाव्या गालावर काळा ठिपका, ओठांशी मिशा. मिशांवरून नाव पडलं. तळं बांधलं त्याच वर्षी सासऱ्यांनी आणला, म्हणजे या घरात तो माझ्या आधीपासून आहे. आई डब्याच्या झाकणावर चमचा वाजवतात आणि तो येऊन त्यांच्या हातातून खातो. माझ्या हातून त्याने कधी खाल्लं नाही. नाकाने कांदे सोलणारा मासा.

हिवाळ्याच्या तोंडाशी आई त्याच तळ्याच्या काठावरून घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, तेव्हापासून पलंग आणि खिडकीतली खुर्ची एवढंच त्यांचं जग. फिजिओ मुलगी येते, तिने आज विचारलं, "आजी, चालायला लागलात की पहिलं काय करायचंय?" मला वाटलं, म्हणतील मुलीकडे जायचंय, निदान आपल्या पायांनी बाथरूमला जायचंय. आई म्हणाल्या, "मास्तरला हाताने खायला घालायचंय." मुलगी हसली. आईंनी लगेच काठीला हात घातला, तेव्हा मात्र ती आधार द्यायला पुढे झाली.

१ मार्च
रविवारी तळं साफ करायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "आईला विचारून कर." विचारलं. आईंनी पलंगावरून फर्मान काढलं. निम्मंच पाणी काढ. तळाचा गाळ जाळीने काढून गुलाबाला घाल. भिंतीवरचं हिरवं राहू दे. फिल्टरचा स्पंज तळ्यातल्याच पाण्यात पिळ, नळाखाली धरू नकोस. नवीन पाणी आदल्या दिवशी टबात भरून ठेव. आणि पंपाचं नुसतं बटण बंद करू नकोस, पिनच काढ.

"हो आई," म्हटलं.

पिनेचं पटलं. बाकीचं काय ते. घाण पाण्यात घाण स्पंज पिळायचा, म्हणजे पुसलेल्या फडक्यानेच परत पुसायचं. मी मोठ्या हॉस्पिटलच्या स्टरलायझेशन विभागाची इन्चार्ज सिस्टर. ऑपरेशनला जाणारी एकूण एक कात्री माझ्या हाताखालून जाते. नव्या मुली मला पाठीमागे "ब्लीचबाई" म्हणतात, मला माहीत आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या शेवाळावरून आई पडल्या ते मी ठेवणार होते होय?

३ मार्च
हात सोलवटलेत, कंबर धरली आहे, पण जीव थंड झाला.

नवऱ्याने पिन काढली आणि मासे त्यांच्याच पाण्यासकट टबात ठेवून दिले. मी पाणी उपसायला घेतल्यावर तो म्हणाला, "निम्मं म्हणाली होती ना ती?" मी म्हटलं, तू आत जा, मॅच बघ. "तळं आहे गं, ऑपरेशन थिएटर नाही," असं पुटपुटत गेला.

सगळं पाणी काढलं. गाळ बादल्यांत भरून ठेवला, तो गुलाबापाशी उद्या पुरेन. भिंती तारेच्या ब्रशने घासल्या, ब्लीचचं पाणी मारलं, धुऊन काढलं, पुन्हा मारलं. तळाला निळ्या फरशा आहेत हे आज मला पहिल्यांदा कळलं. स्पंज तर कढत पाण्यात उकळूनच काढला, नवा कोरा दिसायला लागला. काठ असा खरखरीत केला की आता तिथून मुंगीसुद्धा घसरणार नाही. मग नळ सोडला आणि काठोकाठ भरलं. पाणी इतकं नितळ की तळाशी नाणं टाकलं असतं तर छाप की काटा ते वाचता आलं असतं.

संध्याकाळी मासे सोडले. काय पळत सुटले. गोल्डफिश तर पाण्याबाहेर उड्या मारत होते. मास्तर भिंतीला अंग घासत फिरत होता, एकदा या कुशीवर, एकदा त्या. कधी नव्हे तो खुशीत आलेला. मला हसूच आलं. आई खिडकीतून दोन्ही हात हलवत होत्या. मीही हात हलवला.

४ मार्च
मेले.

दोन छोटे गोल्डफिश कोपऱ्यात तोंड वर करून आहेत. बाकी सगळे. मास्तरसुद्धा.

५ मार्च
काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. क्लोरीनने काय मरतं आणि किती वेळात मरतं हे मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवते. त्याच पाण्याने मी तळं काठोकाठ भरलं आणि वर भिंती ब्लीचने पुसल्या. आई म्हणाल्या होत्या, आदल्या दिवशी भरून ठेव. पाणी उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो, एवढं साधं. मला तो त्यांचा जुनाट चोखंदळपणा वाटला.

कालची सकाळ. मास्तर कुशीवर तरंगत होता, मिशा लोंबत होत्या. आणि मग मी काय केलं? रडले नाही. रबरी हातमोजे चढवले. आमच्याकडे वापरलेले बोळे जातात तशा पिवळ्या पिशव्या घरी एक-दोन आहेत, त्यांत सगळे मासे भरले, पिशवीवर पिशवी घातली, तोंड बांधलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डबा घराच्या बाजूला आहे, आईंच्या खिडकीतून दिसत नाही, हेसुद्धा तेवढ्यात बघून घेतलं. मग परसात कशासाठी आले होते ते दिसावं म्हणून कुदळ घेतली आणि बादल्यांमधला गाळ गुलाबाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरला. हात सराईतासारखे चालत होते. माझीच मला किळस आली.

चहा घेऊन गेले तर आई खिडकीकडे बघत बसल्या होत्या. चहाला हात लावला नाही. "कचऱ्याची गाडी आली होती का?" म्हणाल्या. "हो, आत्ताच गेली," म्हटलं. पुढे काही विचारलं नाही. फिजिओलाही त्यांनी परत पाठवलं, पाय दुखतोय म्हणाल्या.

बाई बसायला लागली, उभी राहायला लागली, ती त्या माशासाठी. आणि तो मी कचऱ्यात टाकला. आईंना आत्ता सांगितलं तर काठी कोपऱ्यात जाईल आणि त्या पलंगावर. नवऱ्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस. तो म्हणाला, "मी मध्ये पडत नाही. पण सांगायचं असेल तर लवकर सांग, नंतर जड जाईल." शहाणा आहे. दरवेळी नंतर शहाणा असतो.

९ मार्च
ड्यूटीवरून परस्पर माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराला फोनमधला फोटो दाखवला, डिट्टो असाच पाहिजे म्हटलं. तो म्हणाला, "ताई, हा तर म्हातारा आहे. इतका मोठा नाही मिळणार." शेवटी लाल-पांढरा एक घेतला. वीतभराहून थोडा मोठा. गालावर ठिपका नाही. हिवाळ्यात खाणं बंद असतं, वाळला म्हणून सांगेन. मासा वाळला तर लांबीला कसा कमी होतो, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

या वेळी पाणी आधी उघडं ठेवलं होतं. दुकानदाराने दिलेलं क्लोरीन मारायचं औषधही घातलं. पिशवी तळ्यात तरंगत ठेवून मग मासा सोडला. सगळं अगदी पद्धतशीर. ज्याच्यासाठी करायचं तो गेल्यावर.

आता उठता-बसता तळ्याशी जाते, मासा जिवंत आहे ना बघते, आणि मग नजर आपोआप खिडकीकडे जाते. आई असतातच तिथे.

१२ मार्च
आईंनी आज खुर्ची फिरवून घेतली. "उजेड डोळ्यांवर येतो, कपाटाकडे तोंड करून ठेव." कपाटात काय बघायचंय? पण मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. खुर्ची फिरवताना मनात म्हटलं, सुटले. आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिजिओ आल्यावर मात्र स्वतःच उठल्या. "चल गं, कंटाळा आला बसून." दारापर्यंत गेल्या. मास्तरचं नाव नाही काढलं. त्या दिवसापासून एकदाही नाही. विसरायला लागल्यात की काय अशी शंका येते. वय झालंच.

१७ मार्च
नवा मासा मलूल आहे. पाणी चकचकीत आणि मासा मलूल. गोल्डफिशही तळाशी बसून असतात.

दुपारी आई फोनवर बोलत होत्या. मागच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्याकडेही तळं आहे, दोघींचं जमतं. मी कपडे घडी करत होते. आई म्हणत होत्या, "थोडी घाण पाठव गं तुझ्याकडची. आमच्याकडे फार स्वच्छ झालंय."

माझे कान तापले. टोमणाच तो. घर फार स्वच्छ ठेवते म्हणून त्या लग्नापासून मला चिडवतात, पण बाहेरच्या बाईपाशी? संध्याकाळी डॉक्टरीणबाई खरंच पिशवी घेऊन आल्या. आत तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारा स्पंजाचा तुकडा. आई मला म्हणाल्या, "तिला नको झालाय. आपल्या फिल्टरमध्ये टाकून ठेव. आणि माशांना चार दिवस खायला घालू नकोस." एरवी मी तो चिमट्याने उचलून बाहेर भिरकावला असता. पण हल्ली आईंना नाही म्हणायला मला तोंड नाही. टाकला. हात मात्र दोनदा धुतले.

२५ मार्च
आई आज परसात उतरल्या. मागच्या दाराच्या पायऱ्या, एका हाताशी काठी, दुसऱ्या हाताला मी. मीच त्यांचा दंड असा घट्ट आवळला होता की आईंनी विचारलं, "मी पडतेय की तू?"

तळ्याशी खुर्ची टाकली. आईंनी डब्याच्या झाकणावर चमचा वाजवला. मासा आला नाही, उलट पंपाच्या मागे जाऊन लपला. मी पाठ करून ठेवलेलं सगळं बोलायला लागले. थंडीत घाबरलाय, वाळलाय, सवय मोडली असेल. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "असू दे. लहान आहे अजून." आणि जरा थांबून, "हिवाळ्यानंतर सगळेच लहान होतात."

चष्म्याचा नंबर वाढला असणार. त्यांनी ओळखलं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असंही झालं. जी बाई अंधारात नुसत्या पाण्याच्या आवाजावरून मास्तर कुठे आहे ते सांगायची, तिच्या अधू डोळ्यांचा मी फायदा घेतेय.

मासा मात्र आता तरतरीत आहे. त्या घाणेरड्या स्पंजाचं काही करायला हवं, पण राहू दे म्हटलं.

२ एप्रिल
आई रोज उतरतात. पण गंमत अशी, तळ्याशी बसतात थोडाच वेळ. मग काठी टेकत गुलाबापर्यंत जातात आणि तिथे उभ्या राहतात. काही करत नाहीत, नुसत्या उभ्या. बुंध्याशी माती उकरलेली आहे तिथे बघत. मी म्हटलं, आई, पाय दुखतील, खुर्ची आणू का? "नको, इथे उभंच राहायचं असतं."

म्हातारपणी माणसाला कशाचं काय लागेल, सांगता येत नाही.

६ एप्रिल
ताई आल्यात, माझी नणंद. आईंना चालताना बघून त्यांनी मला मिठीच मारली. "किती करतेस गं तू आईचं. मी असते तर माझ्याच्याने झालं नसतं." मी ट्रे घेऊन उभी. कौतुक ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं.

चहा परसातच घेतला. ताई तळ्याशी गेल्या, डबा वाजवला, वाकल्या आणि म्हणाल्या, "हा मास्तर नाहीये."

नवरा एकदम बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचायला लागला.

"ठिपका कुठाय? आणि हा एवढासा? आई, हा दुसराच मासा आहे."

"दुसराच आहे," आई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "मास्तर थंडीत गेला. म्हातारा झाला होता. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, म्हणून नाही सांगितलं. हिलाच म्हटलं, मला करमणार नाही, दुसरा आण. बिचारी ड्यूटी करून दुकानात गेली."

ताईंचे डोळे भरले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कपात बिस्कीट बुडवत राहिल्या.

आईंना सगळं माहीत आहे.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिथल्या तिथे. मी काय म्हणाले तर, "ताई, चहा गार होतोय."

७ एप्रिल
ताई सकाळी गेल्या. मी चहा घेऊन आईंच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले. आजवर मी तिथे कधी बसलेली नाही. त्यांना औषध द्यायचं असलं तरी उभी राहूनच द्यायची.

"आई, मास्तर थंडीत नाही गेला. मी मारला. नळाचं पाणी तसंच भरलं. ब्लीच मारलं. स्पंज उकळला. तुम्ही सांगितलेल्यातलं फक्त पिनेचं ऐकलं."

आई कपाचा कान बोटाने चोळत होत्या. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या संध्याकाळपासून. तो भिंतीला अंग घासत होता. मासा असा घासतो तेव्हा त्याच्या अंगाची आग होत असते. आणि तू काठावर उभी राहून हसत होतीस. मी हाका मारल्या. खिडकी बंद होती. दोन्ही हात हलवले, तर तूही हात हलवलास."

मी मान खाली घातली, ती वर करवेना. त्या म्हणाल्या, "तेव्हा पाय असते माझे, तर धावत आले असते."

मग मी विचारलं, "मग खुर्ची का फिरवून घेतलीत?"

"तू तळ्याशी जायचीस आणि माझ्या खिडकीकडे बघायचीस. चोरासारखी. माझ्याने बघवेना. म्हटलं, माझी नजर नसली तर सांगायला सोपं जाईल हिला. रोज वाटायचं, आज सांगेल."

"आणि तो स्पंज?"

"अगं, तळ्यातल्या घाणीतच माशांचं घर चालवणारे बारीक जीव असतात. तू तेही धुऊन टाकलेस. दुसऱ्याकडून आणावे लागले. नाहीतर तो नवाही गेला असता." थोडं हसल्या. "ब्लीचबाई."

हे नाव घरापर्यंत पोचलंय, हेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले तर. अजून आहे राग. तुझ्या हातचा चहा घेववत नव्हता आधी. जाईल हळूहळू. तू घाई करू नकोस." मग त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. "एक मात्र बरं केलंस. गुलाबापाशी ठेवलास त्याला. मी तसंच धरून चालले आहे. तिथेच आहे ना तो?"

पिवळी पिशवी डोळ्यांसमोर आली. पिशवीवरची पिशवी. आत्ताच तर सगळं खरं बोलले होते, एवढंच उरलं होतं. आई बाहेर बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"हो," मी म्हणाले.

"बरं," आई म्हणाल्या.

१५ एप्रिल
आज आईंनी काठावर बसून माझ्याकडून स्पंज धुऊन घेतला. तळ्यातल्याच पाण्याची बादली, हातमोजे नाहीत. पाणी गढूळ झालं, माझा हात आणखी पिळायला शिवशिवत होता. "पुरे," त्या म्हणाल्या, "एवढं राहू दे." ठेवला. भिंतींना हिरवी झाक यायला लागली आहे. नवा मासा चमचा ऐकून अर्ध्या वाटेपर्यंत येतो आणि परत फिरतो.

गुलाबाला कोंब फुटलेत, चांगले जाड, लालसर. खाली नुसती कुजकी पानं आणि चिखल आहे, हे मला माहीत आहे. आई रोज तिथे जाऊन उभ्या राहतात. आता मीही शेजारी उभी राहते. पाणी मीच घालते.